दोनच विड्या

आमच्या धर्मग्रामातील एका गवंड्याची ही हकीगत आहे. त्यांचे नाव आम्ही देत नाही. गावात लहानथोर सारे त्यांना मिस्त्री म्हणतात, तेच येथे पुरे. लिहिण्यापूर्वी आम्ही त्यांची अनुमती घेतली. "लिहा की फादर, पण तुमचं बी लिहा," एवढीच अट त्यांनी घातली. ती अट रास्त आहे, हे वाचकांस पुढे कळून येईलच.

२०१४ साली आमची नेमणूक सीमाभागातील ह्या गावी झाली. निपाणी येथून फार लांब नाही. काळी जमीन, ऊस आणि तंबाखू. त्या पावसाळ्यात चर्चच्या आवाराची भिंत एका बाजूस कोसळली होती, ती बांधण्याचे काम मिस्त्रींकडे दिले. वय चौतिशीचे, अंगाने काटक, हाताला विलक्षण सफाई. ओळंबा न लावता त्यांनी रचलेला थर ओळंबा लावून पाहिला, तरी सुतात असावयाचा. मात्र विहिरीपासून भिंतीपर्यंत दोनशे पावले चालले की ते थांबत, उजव्या पायाचा तळवा दाबीत आणि दगडावर टेकत. दोन मिनिटांत दुखणे थांबे व ते पुन्हा उठत. थांबले की कानावरची विडी ओठांत जाई. आम्ही त्यांस विचारले, तेव्हा "वात हाय फादर, थंडीचा," असे म्हणून त्यांनी विषय मिटविला. आम्हीही नवी चप्पल घेण्याचा सल्ला देऊन मोकळे झालो.

थंडीत त्यांच्या पायाची बोटे पांढरी पडत आणि मग निळसर होत. पोटरीवर एके ठिकाणी लाल, दोरीसारखी कडक रेघ उमटे. ती आठ-पंधरा दिवस ठणके, नाहीशी होई आणि दुसरीकडे निघे. कोणी म्हणे नागीण, कोणी म्हणे नजर. अंगठ्याच्या नखाशी एक जखम झाली, ती काही केल्या भरेना.

२०१५ च्या प्रायश्चित्तकाळात मिस्त्रींनी विडी सोडण्याचा संकल्प केला. राखेच्या बुधवारी, १८ फेब्रुवारीस, त्यांनी खिशातील बंडल आणि काडेपेटी आमच्या टेबलावर आणून ठेवली. दिवसाला चाळीस विड्या ओढणारा तो मनुष्य, चाळीस दिवस त्याने एकही ओढली नाही. आणि आश्चर्य असे, की जखम सुकू लागली. पाम रविवारपर्यंत खपली धरली. रात्रीची झोप लागू लागली. आम्हांस अतिशय आनंद झाला. नाव न घेता आम्ही व्यासपीठावरून हे उदाहरणही दिले, आणि संयमाचे फळ देहासही मिळते, असे मोठ्या उत्साहाने सांगितले. जे सांगितले ते खोटे नव्हते. पण डोळ्यांसमोर जे घडत होते त्याचा खरा अर्थ आम्हांस मुळीच कळला नव्हता.

५ एप्रिल रोजी ईस्टर झाला. संध्याकाळी जेवणे आटोपून माणसे आवारात बसली होती. मिस्त्रींनी विडी पेटविली आणि आमच्याकडे पाहून हसले. आम्हीही हसलो. उपवास संपला होता. त्या हसण्याची आठवण झाली की अजून आम्हांस खाली पाहावेसे वाटते.

पावसाळा आला तो अंगठा काळा होऊनच. रात्री मिस्त्री पाय खाटेवरून खाली लोंबता सोडून बसून राहत, कारण आडवे झाले की वेदना असह्य होई. पाय खाली सोडल्याने उतारावरच्या पाण्यासारखे थोडे रक्त तरी बोटांपर्यंत पोहोचते, हे पुढे कळले. शेवटी आम्हीच त्यांस जीपमध्ये घालून शहरातील रुग्णालयात नेले. आम्हांस मधुमेहाची शंका होती. तेथील डॉक्टरांनी रक्तातील साखर तपासली, हृदय तपासले, मांडीतील व पावलावरील नाडी पाहिली. पण त्यांचा पहिला प्रश्न साखरेचा नव्हता. "विडी किती?" असा होता.

रोगाचे नाव बर्जर. ऑस्ट्रियातील फॉन विनिवार्टर नावाच्या शल्यवैद्याने १८७९ साली अशा एका पायाचे वर्णन केले होते. पुढे १९०८ साली न्यूयॉर्कमधील लिओ बर्जर ह्या वैद्याने रुग्णांचे कापलेले अकरा अवयव बारकाईने तपासून रोगाचे स्वरूप उलगडले, म्हणून त्याचे नाव रोगास पडले. म्हातारपणी रोहिण्यांत, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळ्यांत, चरबी साचून त्या अरुंद होतात, ते सर्वांच्या ऐकिवात आहे. हा प्रकार तो नव्हे. येथे पन्नाशीच्या आतील, बहुधा पंचेचाळिशीच्याही आतील मनुष्याच्या हातापायांतील बारीक व मध्यम नळ्यांना सूज येते, रोहिण्यांना आणि रक्त परत नेणाऱ्या नीलांनाही. आत रक्ताची गाठ धरते आणि ती गाठ दाहाच्या पेशींनी गच्च भरलेली असते. वाट बंद होते ती बोटांच्या टोकांपासून, आणि मग हळूहळू वर सरकते. मिस्त्रींच्या पायाचे विशेष चित्र काढले होते, ते डॉक्टरांनी आम्हांस दाखविले. मुख्य नळ्या घोट्याच्या वर एकाएकी तुटल्यासारख्या दिसत होत्या, आणि त्यांच्या भोवताली काकडीच्या वेलीच्या तणाव्यांसारख्या पिळदार बारीक शिरा होत्या. देहाने स्वतःच आडवाटा काढण्याचा तो केविलवाणा प्रयत्न होता.

मिस्त्री जन्मभर दगड-सिमेंटात वावरलेले, म्हणून आम्ही विचारले, की धुळीचा तर हा परिणाम नव्हे? प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. रक्तवाहिन्यांचा दाह करणाऱ्या रोगांचे घराणे मोठे आहे. त्यांतील काहींत देहाची संरक्षण करणारी सेना उलटून स्वतःच्याच पांढऱ्या पेशींविरुद्ध शस्त्र धरते आणि मूत्रपिंडे, फुप्फुसे यांतील बारीक वाहिन्या जळू लागतात. अशा रोगांशी दगडाच्या बारीक धुळीचा, म्हणजे सिलिकाचा, संबंध अनेक ठिकाणी आढळला आहे. १९९५ साली जपानमधील कोबे शहर भूकंपाने जमीनदोस्त झाले, त्यानंतर तेथे असे रुग्ण वाढल्याचे तेथील वैद्यांनी नोंदविले. पडलेल्या घरांची धूळ त्यांच्या डोळ्यांसमोर होती. काही औषधांनीही हा दाह भडकतो. गलग्रंथीसाठी देतात ते प्रोपिलथायोयुरॅसिल हे एक त्यांपैकी. तेव्हा खाणीत, पाथरवटाच्या कामावर तोंडाला ओले फडके बांधा, दगड ओला करून फोडा, असे आम्ही आमच्या तरुणांस सांगतो, आणि फडक्यापेक्षा चांगला मुखवटा मिळाला तर तो घ्या, असेही सांगतो.

परंतु मिस्त्रींच्या पायात तो चोर नव्हता. बर्जरच्या रोगात बाहेरून येणारे कारण एकच ठळक सापडले आहे, ते म्हणजे तंबाखू. तंबाखूवाचून हा रोग जवळजवळ आढळतच नाही. तंबाखू नेमके काय करते, ह्याचा पुरता छडा लागलेला नाही. रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच वाहिन्यांच्या अस्तराविरुद्धची द्रव्ये सापडली आहेत, आणि वाहिन्यांच्या भिंतीतील कोलॅजेन नावाच्या धाग्यांवर त्यांच्या पेशी चवताळून उठतात, असे १९८३ साली इस्राएलमधील संशोधकांनी दाखविले. म्हणजे येथेही घरचाच राखणदार घरावर उठलेला दिसतो. त्याला फितविणारी तंबाखू. हजारो लोक ओढतात, मग ह्यालाच का झाले? काहींच्या रक्तातच तशी प्रवृत्ती असावी. हिरड्यांत सतत पू असणेही त्यास हातभार लावीत असावे, असे काही वैद्यांचे मत आहे. पायाच्या रोहिण्या तुंबलेल्या रुग्णांत पश्चिम युरोपात शंभरांत फार तर पाच-सहा बर्जरचे निघतात. आपल्या देशात हेच प्रमाण शेकडा ४५ ते ६३ पर्यंत सांगितले आहे. आपली विडी आकाराने लहान दिसते म्हणून माणसे फसतात. आत तंबाखू थोडी, पण टेंभुर्णीचे पान सिगारेटच्या कागदासारखे हवा जाऊ देणारे नसते. विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार व जोराने घ्यावे लागतात, आणि विष छातीत कमी जात नाही.

अंगठा काढावा लागला. निघताना डॉक्टरांनी मिस्त्रींस बजावले, "पूर्ण बंद. एकसुद्धा नाही." आम्ही शेजारी उभे होतो. आम्ही ते ऐकले.

आता आमचे. आम्ही ते लिहू नये असे पुष्कळ वाटले, पण अट मान्य केली आहे.

घरी आल्यावर मिस्त्रींनी तीन आठवडे विडीस हात लावला नाही. नंतर एका संध्याकाळी ते काठी टेकीत आमच्याकडे आले. (हे पापनिवेदनातील बोलणे नव्हे, चर्चच्या पायरीवरील होय.) हात थरथरत होते. डोळ्यांत पाणी होते. म्हणाले, "फादर, झोप नाही. डोकं फिरतंय. पोरास्नी मारायला उठतोय. चाळीस ओढत होतो. दिवसाला दोनच ओढली तर चालंल न्हवं?"

सेमिनरीत आम्ही सद्गुणांचे तत्त्वज्ञान शिकलो होतो. सद्गुण हा दोन टोकांच्या मध्ये असतो, अतिरेक वाईट, मिताचार चांगला, हे ॲरिस्टॉटलपासून संत थॉमसपर्यंत आम्हांस तोंडपाठ होते. समोर एक कष्टी जीव बसला होता. आम्हांस त्याची दया आली. आम्ही म्हणालो, "चाळिसावरून दोनवर आलात, हाच मोठा विजय आहे, मिस्त्री. दोन चालतील."

चालतील! वैद्यकाचे एक अक्षर न शिकलेल्या मनुष्याने, केवळ अंगात पांढरा झगा आहे म्हणून, हा शब्द उच्चारला. डॉक्टरांचा शब्द रुग्णालयात राहिला आणि आमचा शब्द घरी गेला. मिस्त्रींनी तो तंतोतंत पाळला. सकाळी एक, रात्री एक. कधी तिसरी ओढली नाही. अशा शिस्तीचा मनुष्य विरळा.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डॉक्टरांनी विचारले, तेव्हा त्यांनी सरळपणे सांगितले, "दोनच ओढत होतो. फादर म्हणाले, चालतील."

डॉक्टरांनी आम्हांस एका बाजूस बोलावले. ते आमच्यावर रागावले असते तर बरे झाले असते. ते हिंदू गृहस्थ, वयाने आमच्याहून लहान, अतिशय अदबीने बोलले. "फादर, दुसऱ्या आजारांत कमी केले तरी थोडा लाभ होतो. ह्या आजारात कमी म्हणून काही नसतेच. दोन विड्या रोग जागा ठेवावयास पुरतात." मग त्यांनी आम्हांस आकडे सांगितले. २००० साली अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात ह्या रोगाचा आढावा छापून आला, त्यात आहे, की ज्यांनी तंबाखू पूर्ण सोडली, त्यांतील शेकडा ९४ जणांचे हातपाय शाबूत राहिले, आणि जे ओढत राहिले त्यांतील शेकडा ४३ जणांचा एक ना एक अवयव कापावा लागला. वेदना कमी व्हाव्यात, जखम भरावी म्हणून वैद्य कमरेजवळची मज्जातंतूंची साखळी कापतात, औषधे शिरेतून देतात. त्यांनी आराम पडतो. रोग थांबतो तो एकाच गोष्टीने. सवय सुटावी म्हणून देतात ते निकोटीनचे च्युइंगमसुद्धा ह्या रोग्यांस टाळावयास सांगतात.

त्या रात्री परतताना आम्ही जीपमध्ये एक शब्द बोललो नाही. प्रायश्चित्तकाळातली ती सुकलेली जखम आठवत होती. औषध आमच्या टेबलावर, बंडलाच्या आणि काडेपेटीच्या रूपाने, चाळीस दिवस पडून होते. एकही नाही, एवढेच ते औषध होते. आम्ही त्यास नैतिक दृष्टान्त समजून बसलो. घरी मिस्त्रींची क्षमा मागितली, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही म्हणाला नसता तर मी दुसऱ्या कुणाला तरी विचारलो असतो." हे आमचे सांत्वन होते की दोषारोप, आम्हांस अजून ठरविता आलेले नाही.

येथे कथा संपली असती तर बरे, पण संपली नाही. ह्या वेळी मिस्त्रींनी विडी खरोखरच सोडली. आम्ही रोज संध्याकाळी जात होतो. आमची खात्री होती. तरी २०१७ च्या आरंभी डाव्या पायाच्या करंगळीस जखम झाली. डॉक्टर म्हणाले, तंबाखू कोठून तरी पोटात जाते आहे. मिस्त्री शपथ घेऊन नाही म्हणाले. त्यांच्या पत्नी रडू लागल्या. आम्हीही त्यांची बाजू घेऊन भांडावयास निघालो होतो. एवढ्यात तेथील एका वृद्ध परिचारिकेने सहज विचारले, "दात कशाने घासता?"

मिश्रीने! घरातील सारीच माणसे मिश्री लावीत. तव्यावर भाजलेली, काळी कुळकुळीत पूड, तीही तंबाखूच की. पण तिला तंबाखू म्हणून कोणी मोजले नव्हते. मिस्त्रींनी नाही, त्यांच्या पत्नीने नाही, आम्ही नाही. दररोज सकाळी आणि विडीची आठवण असह्य झाली की दुपारी, बोटभर मिश्री हिरड्यांवर जात होती. वाचकभगिनींनी ही ओळ पुन्हा वाचावी. आमच्या गावातील कित्येक घरांत मिश्रीचा डबा आजही चहाच्या डब्याशेजारी असतो. बर्जरचा रोग पुरुषांत अधिक, पण स्त्रियांत नाही असे नव्हे.

त्या बाईंची कथा निराळी लिहावी लागेल. त्या विड्या वळीत. मांडीवर सूप, त्यात चुरलेली तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पाने, कात्री, पत्र्याचे माप आणि दोऱ्याचे रीळ. पतीचा अंगठा गेला, पाय गेला, तेव्हा त्या हजार विड्यांच्या मजुरीवरच घर चालले होते. ज्या सुपाने पाय नेला, त्याच सुपाने तांदूळ आणला. तंबाखूच्या ह्या मुलखात कोणास दोष द्यावा? १९८१ साली निपाणीच्या शेतकऱ्यांनी तंबाखूस भाव मिळावा म्हणून हमरस्ता अडविला, ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला, शेतकरी मेले. आमच्या धर्मग्रामातील म्हातारी माणसे अजून त्याची गोष्ट सांगतात. पीक जाळा, सूप फेका, असे व्यासपीठावरून बजावणे आम्हांस सोपे आहे, कारण आमचे जेवण दुसरीकडून येते. आम्ही तसे म्हणालो नाही. पण त्या बाई स्वतः एके दिवशी आल्या आणि म्हणाल्या, "फादर, घरात वास राहिला तर ह्यांचं मन कसं राहील?" चार महिने हातउसने घेऊन त्यांनी शिवणयंत्र घेतले. मिश्रीचा डबा त्यांनी आपल्या हाताने परसातील खड्ड्यात पालथा केला, आणि स्वतःही लावणे सोडले. ते त्यांस विडी सोडण्याइतकेच जड गेले. हिरड्या महिनाभर सुजल्या होत्या.

करंगळीची जखम भरावयास अकरा आठवडे लागले. पण भरली. तेव्हापासून नवी जखम नाही. मिस्त्री जयपूर पाय लावून कामावर जातात. उंच पालखावर चढत नाहीत, पण गिलावा करतात, फरशी बसवितात, आणि ओळंब्याची गरज त्यांस अजूनही लागत नाही.

आम्ही आमच्यापुरते एवढे केले, की प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी कोणी विडी-तंबाखू सोडतो म्हणाले, की ईस्टरनंतर काय, असे विचारतो. आणि पाय, छाती, पोट यांबद्दल कोणी "चालेल का" म्हणून विचारले, तर आमच्याजवळ उत्तर नाही, डॉक्टरांजवळ आहे, असे सांगून गाडीभाडे देतो. काही लोकांस हे रुक्ष वाटते. एका आजीबाईंनी तर पूर्वीचे फादर बरे होते, असे तोंडावर ऐकविले.

गेल्या महिन्यातील गोष्ट. रविवारचा मिस्सा आटोपून माणसे बाहेर पडत होती. ट्रॅक्टर चालविणारा एक सत्तावीस वर्षांचा मुलगा फाटकापर्यंत गेला, थांबला, भिंतीला टेकून तळवा दाबू लागला. मिस्त्रींनी बांधलेलीच ती भिंत. आम्ही पाहिले, पण आमच्या काही लक्षात आले नाही. मिस्त्री मात्र ठक ठक करीत त्याच्याजवळ गेले. त्याला पायरीवर बसविले, चपला काढावयास लावल्या, अंगठ्याचे टोक दाबून सोडले आणि त्याचा पांढरेपणा जाऊन लाली परत यावयास किती वेळ लागतो ते पाहत राहिले. फार वेळ लागला. त्यांनी मुलाच्या शर्टाच्या खिशात हात घातला, बंडल काढले आणि आपल्या खिशात टाकले. "सोमवारी पहिल्या गाडीनं जायचं. मी येतो," ते म्हणाले. मुलगा आमच्याकडे पाहू लागला. त्याच्या ओठांवर काही तरी विचारावयाचे होते.

"फादरला विचारू नको," मिस्त्री म्हणाले. "चल."